फलटणची स्प्लेंडर जम्मूला

गुरुवार, फलटण

गाडी हलवायची तयारी बाबांच्या वहीपासून सुरू झाली. २०१५ साली स्प्लेंडर घरात आली त्या दिवसापासून बाबा तिची वही ठेवतात. तारीख, किलोमीटर, किती पेट्रोल टाकलं, ऑइल कधी बदललं, चेन कधी ताणली, सगळं निळ्या शाईत. गेल्या वर्षी गाडी माझ्या नावावर झाली, वही मात्र त्यांच्याकडेच राहिली. जम्मूजवळच्या विजयपूरला, तिथल्या एम्समध्ये, नर्सिंग ऑफिसर म्हणून नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा आई रडायला लागली आणि बाबांनी विचारलं, "मग गाडीचं काय?"

गाडी विकून तिकडे दुसरी घे, असं निम्म्या गावानं सांगितलं. हिशेबानं ते चूक नव्हतं. पण नाइट ड्युटी संपवून सकाळी बाहेर पडल्यावर रिक्षावाल्यांशी हुज्जत न घालता आपल्याच गाडीवर खोलीवर जाता येणं, ही गोष्ट मला कुठल्याच हिशेबात बसवता येत नाही. शिवाय याच गाडीवर बाबांनी मला मार्केट यार्डाच्या रिकाम्या मैदानात क्लच सोडायला शिकवलं. तर गाडी येणार, हे ठरलं.

न्यायची कशी, यावर दोन आठवडे गेले. चालवत न्यायची तर दोन हजार किलोमीटरच्या वर अंतर, आणि रुजू व्हायची तारीख पक्की. ट्रकनं पाठवण्याचा अनुभव माझ्या गाठीशी होता. तीन वर्षांपूर्वी नागपूरला नोकरी लागली तेव्हा घरसामान नेणाऱ्या एका कंपनीच्या ट्रकमध्ये हीच गाडी चढवली होती. टाकीत पेट्रोल तसंच, गाडी डबल स्टँडवर, आणि दोरी थेट हँडलच्या टोकांना. नागपूरला ती उतरली तेव्हा ब्रेकचं पेडल वाकलेलं, हेडलाइटची काच तडकलेली, पुढच्या एका शॉकअपमधून तेल गळत होतं आणि माझ्या गादीला महिनाभर पेट्रोलचा वास. बिल्टीवर, म्हणजे ट्रकवाल्याच्या मालाच्या पावतीवर, 'गाडी १' एवढंच लिहिलेलं. कुठे काय झालं ते कुणालाच सिद्ध करता आलं नाही. त्या वेळी एक गोष्ट पक्की समजली, की गाडी आठशे किलोमीटर धावताना मोडत नाही. ती चढवताना आणि उतरवताना मोडते, आणि त्या दोन्ही वेळा मी तिथे नव्हते.

म्हणून या खेपेला झेलम एक्सप्रेस. पुण्याला सुटते आणि जम्मूतवीला संपते. हे महत्त्वाचं आहे. मधल्या स्टेशनावर गाडी दोन-पाच मिनिटं थांबते, तेवढ्यात मोटरसायकल चढवायची किंवा उतरवायची म्हणजे आपटाआपटी आलीच. उतरवायची राहिली तर ती पुढे निघून जाते ते वेगळंच. सुरुवातीच्या स्टेशनावर चढवायला आणि शेवटच्या स्टेशनावर उतरवायला वेळ मिळतो. आणि मी त्याच गाडीनं जाणार असल्यामुळे मोटरसायकल माझ्या तिकिटावर 'लगेज' म्हणून लावता येते. 'पार्सल' म्हणून दिली तर तिला जागा मिळेल त्या गाडीनं ती जाते. लगेजचं भाडं पार्सलपेक्षा जास्त पडतं, आणि तिकिटावर जे फुकट वजन न्यायची मुभा असते ती मोटरसायकलला लागू होत नाही. तरीही मला ती माझ्याबरोबर हवी होती.

कागदांचं काम महिनाभर आधीच उरकलं होतं. मोटार वाहन कायद्यात, १९८८ च्या, कलम ४७ आहे. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मूळच्या आरटीओची एनओसी लागते. तो फॉर्म नंबर २८. त्यावर चेसिस नंबरची पेन्सिलनं घासून काढलेली छाप द्यायची असते. बाबांनी ती छाप चार वेळा काढली, कारण पहिल्या तिन्हींत एक आकडा पुसट येत होता. थकलेलं ई-चलन नसावं, विमा आणि पीयूसी चालू असावं. बाबांनी गाडी कर्जावर घेतली होती. कर्ज कधीच फिटलं, तरी आरसी बुकावर बँकेचा बोजा तसाच होता. गाडी माझ्या नावावर करताना तो फॉर्म ३५ भरून उतरवला, म्हणून आता अडलं नाही. ज्यांच्या गाडीवर हा बोजा अजून लिहिलेला आहे त्यांनी तो आधी उतरवून घ्यावा. बदलीच्या धावपळीत बँकेचं पत्र मिळवत फिरायला नको.

आज दुपारी अंगणात गाडी धुतली, कोरडी केली, चेनला तेल दिलं. उद्या धुतली असती तर पाणी सांध्यांत राहिलं असतं, आणि ओली गाडी गोणपाटात तीन दिवस बांधून ठेवली की गंज धरतो. मग मोबाइलवर फोटो. चारही बाजू, टाकी, दोन्ही शॉकअप, सायलेन्सर, इंजिन नंबर, चेसिस नंबर आणि मीटर. बाबा मागे उभे राहून जुने ओरखडे मोजत होते. "हा २०१७ चा, आदर्कीच्या रस्त्यावरचा. हा तुझा, कॉलेजच्या गेटचा." सगळ्यांचे फोटो घेतले, म्हणजे नवा ओरखडा पडला तर कळेल.

रात्री बाबांनी पेट्रोलचा हिशेब केला. फलटण ते पुणे ११० किलोमीटरच्या आसपास, गाडीचा ॲव्हरेज साठ. रेल्वेत टाकी पूर्ण रिकामी लागते. म्हणजे पुण्यात पोचल्यावर जितकं कमी उरेल तितकं बरं. त्यांनी टाकीतलं काढून, मोजून अडीच लिटर परत ओतलं.

शुक्रवार, फलटण ते पुणे

सकाळी साडेसहाला निघाले. मीटरचा आकडा बाबांनी वहीत लिहिला. ४१,२६८. आईनं दही दिलं हातावर.

लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड. हा पालखीचा रस्ता, आम्ही फक्त उलट्या दिशेनं. नोव्हेंबरचं धुकं नीरेच्या पुलावर होतं. जेजुरीला चहा घेतला, गडाकडे बघून हात जोडले. दिवे घाटाच्या माथ्यावर गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ थांबले. खाली मस्तानी तलाव आणि त्याच्या पलीकडे पुण्याच्या इमारतींची गर्दी. यानंतर गाडी ज्या घाटात चढेल तो कुठला असेल याचा अंदाज करत होते.

मुक्काम हडपसरला आतेभावाकडे. बाकी काही नाही.

शनिवार, पुणे स्टेशन

झेलम संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सुटते. मी सकाळी दहालाच पार्सल ऑफिसच्या आवारात हजर. आतेभाऊ कॅन घेऊन बरोबर. पॅकिंगवाले बाहेरच बसतात. गोणपाटाचे गठ्ठे, पुठ्ठे, सुतळी आणि हातभर लांबीचं दाभण. मी ज्यांच्याकडे गेले ते साठीचे काका होते. गाडीकडे एकदा बघून म्हणाले, "गरम आहे. तासाभरानं या." सायलेन्सर तापलेला असताना त्यावर काही गुंडाळलं तर ते चिकटतं किंवा जळतं. हे मला ठाऊक होतं, पण ते त्यांच्या तोंडून आल्यावर यांच्याच हातात गाडी द्यायची हे ठरलं.

तासाभरात पेट्रोल काढलं. कॉकवरची नळी सुटी करून कॅनमध्ये सोडली आणि कॉक रिझर्व्हवर केला. मेनवर ठेवला तर तळाचं पेट्रोल आतच राहतं. वाहणं थांबल्यावर कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल केला. तिथेही दोन-तीन घोट निघतात, आणि बरेच जण ते विसरतात. मग टाकीचं झाकण उघडं ठेवून गाडी वाऱ्याला उभी केली. रिकामी टाकी भरलेल्या टाकीइतकीच जपावी लागते. आत पेट्रोलची वाफ असते, ती हवेपेक्षा जड, सहजी बाहेर पडत नाही. शेजारी एक जण विडी पेटवत होता, त्याला हात जोडून लांब जायला सांगितलं. पेट्रोलसारखी वस्तू रेल्वेत नेणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण मला आठवत होता तो जळीत वॉर्ड. तिथे सहा महिने काम केल्यावर पेट्रोलच्या बाबतीत 'थोडंसं राहिलं तर काय होतंय' असं मला म्हणवत नाही.

मग खोलखाल. आरसे काढून माझ्या बॅगेत. साइड पॅनल उघडून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, तिच्या टोकाला चिकटपट्टी. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे बोल्ट किंचित सैल केले. घट्ट लिव्हर गाडी आडवी झाली की मोडतो, सैल असला तर फिरतो आणि वाचतो. टायरमधली हवा तशीच ठेवली. हवा काढली तर ढकलताना रिम जमिनीला लागते.

काकांनी बबल रॅप काढला तेव्हा मी आईची जुनी सुती साडी पुढे केली. आधी ही, मग तुमचं. प्लास्टिक थेट रंगावर गुंडाळलं आणि मध्ये धुळीचा एक कण राहिला, तर चाळीस तासांच्या थरथरीत तो पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. टाकीभोवती साडीचे तीन वेढे बसले. त्यावर पुठ्ठा, त्यावर गोणपाट. इंडिकेटरना थर्माकोलच्या वाट्या, हेडलाइटवर दुहेरी पुठ्ठा, साडीगार्ड आणि लेगगार्डला गवताची भरती. काका दाभणानं शिवत होते, टाका दोन बोटांच्या अंतरानं. मी एकच सांगितलं की चाकं मोकळी ठेवा आणि हँडल फिरेल इतकी जागा सोडा. ते हसले. "पोरी, चाक बांधलं तर हमाल उचलून आपटतो. ढकलता आली तर ढकलतो." पाचशे रुपये झाले. मी पन्नास वर दिले, त्यांनी ते लगेच नातवाला देऊन चहा मागवला.

गोणपाटावर काळ्या रंगानं ठळक लिहिलं: पुणे ते जम्मूतवी, गाडीचा नंबर, माझं नाव, पीएनआर. हीच माहिती एका कागदावर लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत सीटखालीही बांधली. बाहेरचं लेबल फाटलं तर गाडी बेवारस होऊ नये म्हणून.

पार्सल ऑफिसात आरसीची प्रत, आधारची प्रत, तिकीट आणि अर्ज दिला. बाबूंनी वरचं पॅकिंग सरकवून टाकीचं झाकण उघडायला लावलं, वाकून वास घेतला, मगच पुढे सरकले. काट्यावर गाडी ११० किलोच्या आसपास भरली. मग माल किती किमतीचा ते लिहायचा रकाना. हा रकाना रिकामा सोडू नये. किंमत जाहीर केली नाही तर लगेज हरवलं किंवा मोडलं तर रेल्वेची जबाबदारी किलोला १०० रुपयांपर्यंतच असते, पार्सलला तर ५० च. म्हणजे माझी अख्खी गाडी ११,००० रुपयांची. जास्त किंमत जाहीर करून त्यावरची टक्केवारी भरली की जबाबदारी त्या किमतीपर्यंत जाते. मी भरली. पावती हातात आल्यावर तिचा फोटो काढून बाबांना पाठवला.

दुपारी तीननंतर खरी कसोटी. ब्रेक व्हॅनमधले, म्हणजे गाडीच्या टोकाच्या सामानाच्या डब्यातले, काही कप्पे कंत्राटदारांना भाड्यानं दिलेले असतात. उरलेल्या जागेत लगेज, पार्सल, टपालाच्या पिशव्या, सगळं बसवायचं असतं. म्हणून आधी हजर असलेल्या सामानाला आधी जागा. झेलमचे डबे फलाटाला लागल्यावर दोन हमालांबरोबर मी गाडीमागून चालत गेले. त्यांना सुरुवातीलाच सांगितलं की जे ठरतंय ते देईन, पण मी इथून हलणार नाही. न्यूट्रल आहे, हँडल लॉक नाही, चावी माझ्याकडे. हँडल लॉक केलेली गाडी अरुंद दारातून वळत नाही, मग ती मागच्या चाकावर उचलून फिरवतात, आणि तिथेच पॅनल फुटतात.

फलाट आणि डब्याच्या दारामध्ये फट होती. एकानं पुढचं चाक आत घेतलं, दुसऱ्यानं मागून कॅरियर धरला. मी म्हणाले, "दादा, कॅरियर नको, सीटखालची पट्टी धरा." त्यानं हात बदलला. गाडी आत गेली, भिंतीला समांतर उभी राहिली, पुढचं चाक कोपऱ्यात. मी आणलेली सुती दोरी तीन ठिकाणी बांधून दिली: पुढे दोन्ही शॉकअप जिथे वर जोडले जातात तिथे, मध्ये फ्रेमला, मागे सीटमागच्या धरायच्या दांडीला, ग्रॅबरेलला. हँडलला नाही. शेजारी फळांचे खोके आले. ते गाडीला टेकणार नाहीत एवढं बघितलं. ट्रेन मॅनेजर, ज्यांना आपण अजून गार्डच म्हणतो, ते दाराशी उभे होते. म्हणाले, "मॅडम, आता जागेवर जाऊन बसा. मी आहे ना."

डब्यात शिरले तेव्हा हातांना पेट्रोलचा आणि गोणपाटाचा वास होता.

रविवार, इटारसी ते पानिपत

झेलममध्ये निम्मा डबा फौजी असतो हे ऐकून होते. माझ्या समोरच्या बर्थवर साताऱ्याकडचे एक हवालदार होते, सुट्टी संपवून परत निघालेले. काल रात्री नगर येईपर्यंत आम्ही कुणाकुणाच्या गावात कोण ओळखीचं ते शोधत होतो. मनमाडच्या आधी मी गाडीचं बोलले आणि त्यांनी बूट काढून मांडीच घातली. सतरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी स्वतःची मोटरसायकल चार पोस्टिंगांना नेली आहे. जैसलमेरपासून तेजपूरपर्यंत.

आज सकाळी नर्मदा ओलांडली. डब्यातल्या दोन-तीन आज्यांनी खिडकीतून नाणी टाकली. हवालदार भाऊ तोवर मला ट्रकचं शास्त्र सांगत होते, कारण तेजपूरला गाडी ट्रकनं गेली होती. ते मी मन लावून ऐकलं, नागपूरच्या वेळचं गणित त्यात सुटत होतं.

"ताई, ट्रकात डबल स्टँडवर गाडी म्हणजे एका पायावर उभं केलेलं पोर. खड्डा आला की पुढचं चाक उडतं. गाडी दोन्ही चाकांवर पाहिजे, पुढचं चाक पुढच्या फळीला टेकलेलं. पट्टे चार. पुढचे दोन खाली आणि बाहेरच्या बाजूला ओढायचे, शॉकअप साधारण निम्मे दबेपर्यंत. पार खाली दाबले तर ऑइल सील जातं. कमी दाबले तर गाडी नाचते. मागचे दोन नुसते सावरायला."

माझ्या शॉकअपमधून तेल का गळत होतं ते इतक्या वर्षांनी भोपाळच्या अलीकडे समजलं.

भोपाळला गाडी जरा थांबली तेव्हा मी धावत शेवटपर्यंत जाऊन आले. ब्रेक व्हॅनचं दार उघडं होतं, काही खोके उतरत होते. आत अंधारात गोणपाटावरचं माझं नाव दिसलं. उभी होती. दोरी ढिली झाली नव्हती. परत आले तर भाऊंनी माझ्यासाठी पोहे घेऊन ठेवलेले, भोपाळचे, वर शेव आणि बडीशेप. झाशीला मात्र दार बंद होतं. बंद दार बघूनही बरं वाटलं.

दुपारभर ग्वाल्हेर, मोरेना, चंबळची घळ. या रस्त्यावर मराठी माणसाला इतिहास टाळता येत नाही, पण माझं लक्ष खरं तर रुळांच्या आवाजावर होतं. सांधा बदलताना डबा हिसडला की वाटायचं, तिकडे मागे काय झालं असेल. वॉर्डात पेशंट मॉनिटरवर असताना दुसऱ्या खोलीत बसलं की असं होतं.

भाऊंनी आणखी एक काम करून घेतलं. "फोन प्रीपेड की पोस्टपेड?" मी महिन्यापूर्वीच पोस्टपेड करून घेतला होता. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. बदलून येणारे कितीतरी जण कठुआपाशी एकदम मुके होतात, आणि पार्सलची पावती, खोलीमालकाचा नंबर, सगळं फोनवरच असतं. मी पावतीची झेरॉक्सही दाखवली. ते म्हणाले, "तुम्ही फौजेत यायला पाहिजे होतं."

दिल्ली मागे पडली तेव्हा रात्र झाली होती. पानिपतचा फलाट आला तेव्हा मी जागी होते. पिवळ्या दिव्यांत एक चहावाला, दोन झोपलेली कुत्री. भाऊ खिडकीला कपाळ टेकून बाहेर बघत होते. दोघंही काही बोललो नाही.

सोमवार, जम्मू ते विजयपूर

पठाणकोटनंतर रावीचा पूल. पात्र रुंद, दगडगोट्यांचं, पाणी निळसर. पलीकडे लखनपूर, कठुआ. फोन चालू राहिला. उजव्या हाताला डोंगर हळूहळू वर येत गेले आणि शेतांत भाताची कापणी उरकलेली. झेलम हे नाव असलेली ही गाडी झेलमपर्यंत जात नाही. तवीच्या काठी थांबते.

जम्मूला भाऊ माझी ट्रंक उतरवून देऊन गेले. त्यांचा ट्रक वाट बघत होता. जाताना एवढंच म्हणाले, "सही करायच्या आधी सोडून बघा."

डब्यातून उतरले ती थेट मागे. माझ्यासमोर गाडी उतरली. इथेही दोन हमाल, इथेही तीच फट. मी डोगरी येत नसल्यामुळे हिंदीत "भैया, धीरे" एवढंच म्हणत होते. त्यांनी धीरेच उतरवली. फलाटावरून पार्सल ऑफिसच्या आवारात ढकलत नेली.

डिलिव्हरी घ्यायला वेळ लावायचा नसतो. ठरावीक मोफत वेळ संपला की वारफेज, म्हणजे माल तिथे पडून राहिल्याचं भाडं, लागायला सुरुवात होते. पण घाईत सहीही करायची नसते. मी बाबूंना विनंती केली की पॅकिंग उघडून बघते, मग सही. त्यांनी मान डोलावली. टाके कात्रीनं कापले, ब्लेडनं नाही, ब्लेड टाकीवर जातं. गोणपाट, पुठ्ठा, आणि शेवटी आईची साडी. साडीवर एका जागी काळा डाग होता, घासल्याचा. खाली टाकीवर काही नाही. फोटो काढून काढून जुळवत गेले. उजव्या फुटरेस्टचं रबर फाटलं होतं आणि मागच्या मडगार्डवर नखाएवढा नवा ओरखडा. ते कागदावर लिहिलं आणि सही केली. एवढ्यासाठी भांडायचं नव्हतं, फक्त नोंद असावी म्हणून.

पुठ्ठे, गोणपाट घडी करून ट्रंकेवर बांधले. परत कधीतरी लागतील. ट्रंक रिक्षानं विजयपूरला खोलीमालकांकडे पाठवून दिली.

आरसे बसवले, लिव्हर घट्ट केले, निगेटिव्ह वायर जोडली. आवाराबाहेर एक मुलगा बाटलीत पेट्रोल घेऊन आला, दुप्पट भाव सांगत होता. पेट्रोल कसलं ते ठाऊक नसताना इतक्या जपून आणलेल्या इंजिनात ते ओतवेना. विचारत विचारत पंपापर्यंत गाडी ढकलत नेली. वाटेत एका सरदारजींनी मागून हात लावला, पंप आल्यावर काही न बोलता निघून गेले.

पाच लिटर टाकलं. कॉक उघडला, पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये उतरायला थोडा वेळ दिला, चोक ओढला. पहिली किक, काही नाही. दुसरी, तिसरी. सहाव्या किकला खोकली. सातव्याला लागली आणि तोच आवाज आला, जो पहाटे अंगणात ऐकून मी उठायचे, बाबा दूध घालायला निघाले की. पंपावर उभी राहून मी तो नुसता ऐकत राहिले. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दिला.

विजयपूर हायवेनं पंचवीस-तीस किलोमीटर. ब्रेक आधी हळू वेगात दोनदा तपासले, हवा बघून घेतली. बडी ब्राह्मणापर्यंत कारखाने आणि ट्रकांची रांग, मग मोकळं. एमएच ११ चा नंबर बघून एका स्कूटरवाल्यानं सिग्नलला विचारलं, "महाराष्ट्र से चला के लाई?" मी म्हणाले, "ट्रेन से." त्याचा जरा हिरमोड झाला. नवा नंबर घ्यायला माझ्याकडे वर्ष आहे. एनओसी बॅगेत आहे, इथला रोड टॅक्स भरला की महाराष्ट्रात उरलेल्या वर्षांचा परत मागता येतो. तोपर्यंत एमएच ११ राहील.

खोली हॉस्पिटलपासून दहा मिनिटांवर. जिन्याखाली गाडी लावायला जागा आहे, वर पत्रा आहे. मालकीणबाईंनी गाडीकडे बघून आधी तिलाच पाण्याचा नळ दाखवला. धूळ पुसली आणि बाबांना फोन लावला.

"पोचलीस?"

"पोचले."

"चालू झाली?"

"सातव्या किकला."

पलीकडे कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग पानं उलटल्याचा. "हां, मीटर सांग."

मी वाकून बघितलं. "एक्केचाळीस हजार चारशे सहा."

"थांब. पेन चालत नाहीये." आईला पेन मागितल्याचा आवाज. "परत सांग."

मी परत सांगितलं.